अकरा नंबरची पायवाट

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर आमची ट्रेसिंगची खोली होती. तिला तीन खिडक्या होत्या, पण काचांना आतून काळा कागद चिकटवलेला. उजेड यायचा तो टेबलाच्या पोटातून. वर दुधी काच, तिच्याखाली ट्यूबलाइट, काचेवर मूळ नकाशा, नकाशावर पारदर्शक फिल्म, आणि फिल्मवर आमचं शाईचं पेन. एसी दिवसभर चालायचा, तो आमच्यासाठी नव्हे, फिल्म दमट होऊ नये म्हणून. सकाळी नऊला आत गेलं की बाहेर ऊन आहे की ढग, हे संध्याकाळी सहालाच कळायचं.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. परदेशातली नकाशे गिरवण्याची कामं तेव्हा आमच्यासारख्या छोट्या ऑफिसांकडे येत. त्या वर्षी फ्रान्सहून चाळीस नकाशांचा संच आला होता. तिकडे डोंगरात चालवायच्या जाड टायरच्या सायकली नव्याने निघाल्या होत्या. हौशी लोक सुट्टीत त्या घेऊन रानावनात जात आणि त्यांच्यासाठी वाटांचं पुस्तक निघणार होतं. हिरवी वाट सोपी, निळी जरा अवघड, लाल दमवणारी, काळी फक्त पट्टीच्या लोकांसाठी. छोटा क्रॉस म्हणजे प्रार्थनामंदिर, थेंब म्हणजे पिण्याचं पाणी, दोन बाण एकापुढे एक म्हणजे उतार, ब्रेकवर हात ठेवा.

ते रान मी पेनाने चाललो. चढाला पेन हळू जायचं. उताराला हाताला आपोआप वेग यायचा आणि वेग आला की रेघ जाड व्हायची, म्हणून उतारावर मी श्वास रोखून धरायचो. पाइनची रानं, डोंगराच्या सोंडा, खिंडी, ओढे, दोन घरांच्या वाड्या. गावांची नावं जशी लिहिलेली तशीच आम्ही वाचायचो, त्यामुळे ती फ्रेंच माणसाला ओळखू आली नसती. मला गिअरची सायकल माहीत नव्हती. वडिलांची काळी, जड सायकल तेवढी माहीत होती. तिच्यावरून ते तालुका कचेरीचं टपाल वाटायचे.

वडील कचेरीत शिपाई, आणि घरात पदवीधर झालेला मी पहिला. भूगोल घेऊन बी.ए. झालो आणि पदवीचा कागद हातात पडल्यावर आठवड्याभरात ही नोकरी मिळाली. मिळाली म्हणजे साहेबांनी दिली. माझं अक्षर पाहिलं, समोच्च रेषा म्हणजे काय ते विचारलं आणि म्हणाले, "उद्यापासून या. मूळ सर्टिफिकेट घेऊन या, ते आमच्याकडे राहील."

तशी तेव्हा रीतच होती. हात बसला की ट्रेसर तीन महिन्यांत दुसरीकडे जायचे, म्हणून कागद अडकवून ठेवायचा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट, आपला कागद कुणीतरी लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवतंय म्हणजे तो मोलाचा आहे, असं वाटलं. वडिलांनी तो अजून पाहिलाही नव्हता.

मग दीड वर्षाने कोल्हापूरच्या बी.एड. कॉलेजचं पत्र आलं. आमच्या गावच्या शाळेत भूगोलाची जागा रिकामी होणार होती, मुख्याध्यापकांनी मला शब्द दिला होता, फक्त बी.एड. हवं होतं. पत्रात खाली टाइप केलं होतं : मुलाखतीस मूळ पदवी-प्रमाणपत्र सोबत आणावे, अन्यथा विचार होणार नाही.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. "मुलाखत जूनच्या शेवटच्या बुधवारी. फ्रान्सचा संच त्याआधी पुरा करा आणि कागद घेऊन जा. माझा शब्द."

"एका दिवसापुरता मिळाला तर?" मी विचारलं.

"एका दिवसापुरता नेलेला कागद परत आणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही."

त्या दिवसापासून मी जेवणाच्या सुट्टीतही गिरवायला लागलो. दहिसरला मावशीकडे राहायचो, चाळीत. मावशीचे यजमान, आमचे कोकणातले काका, गिरणी सुटल्यापासून कांदिवलीला एका कारखान्याच्या गेटवर पहाऱ्याला होते. मी घरी आलो की पाय धुवायच्या आत ते विचारायचे, "खंय पोचलंस रे आज?"

"सव्वीस नंबर, काका."

"मगे आजून रानातच. भायर पडूची वाट गावली की सांग."

ट्रेसिंगचा नियम साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता : मक्षिकास्थाने मक्षिका. मूळ कागदावर माशी चिकटलेली असेल तर फिल्मवर माशी आली पाहिजे. आपली अक्कल पेनात उतरवायची नाही. मी हा नियम मन लावून पाळला. घोटाळा तिथेच झाला.

चौतिसाव्या नकाशावर मला मधोमध एक फिकट आडवी रेघ दिसली, या समासापासून त्या समासापर्यंत. ती घडीची होती. तिकडून आलेले कागद झेरॉक्स होते, आणि झेरॉक्स काढण्याआधी मूळ कागदाला घडी पडलेली असली की तिची सावली उतरायची. अशा घड्या आम्ही सोडून द्यायचो, त्या समासापर्यंत जात असल्यामुळे ओळखू यायच्या. पण कागदाच्या याच उंचीवर आपण कधीतरी काहीतरी काढलंय, असं माझ्या हाताला वाटलं. हाताला म्हणतो, कारण डोक्याला आठवत नव्हतं. पाठवलेल्या फिल्मच्या ऑफिसात ठेवलेल्या जुन्या प्रती मी चाळल्या. अकरा नंबर काढला, चौतीसवर ठेवला आणि खालचा दिवा लावला.

अकरावर त्याच उंचीवर एक पायवाट होती. तुटक रेघांची, नीटस, माझ्या हातची. तिथे घडीचा फक्त मधला तुकडा उमटला होता, आणि तो नेमका लाल वाटेच्या वळणाला चिकटला होता. मी त्याला पायवाट समजून गिरवलं होतं. दोन्ही रेघा एकमेकींवर तंतोतंत बसल्या.

ती वाट डोंगराच्या सोंडेवरून निघून सरळ खाली, नदीच्या घळीत उतरत होती. समोच्च रेषा तिथे इतक्या जवळ आल्या होत्या, म्हणजे उतार इतका उभा होता, की मी त्या काढताना पेन दोनदा धुतलं होतं. पलीकडच्या काठावर गाव होतं. मधे पूल नव्हता. लाल वाटेने दमून आलेल्या माणसाला वाटलं असतं, हा गावाचा आडमार्ग. माझं सगळं बालपण घाटातल्या वाटांवर गेलं. डोंगरातली वाट कधी पट्टीने आखल्यासारखी सरळ उतरत नाही, हे मला दुसरीत माहीत होतं. भूगोलाच्या पदवीधराने ते गिरवताना पाहिलं नाही.

पहिले वीस नकाशे दीड महिन्यापूर्वीच फ्रान्सला गेले होते.

समोरच्या टेबलावर घाटकोपरची एक ट्रेसर बसायची, माझ्याहून पाच वर्षांनी जुनी. तिला मी दाखवलं. तिने प्रत उलटसुलट केली.

"आता काय करणार?"

"साहेबांना सांगतो."

"येडा आहेस का रे? पहिले वीस परत मागवतील, परत तपासतील. तुझा बुधवार गेला मग. बुधवारला अजून तेरा दिवस आहेत, सहा नकाशे राहिलेत. ते कर, कागद घे आणि कोल्हापूरहून पत्र टाक."

"पण तोवर कोणी गेलं तर त्या वाटेने?"

"पुस्तक छापून तरी झालंय का? आणि ते काय आंधळे आहेत? समोर कडा दिसला की ब्रेक मारतील ना."

तिचं म्हणणं बरोबर असेल असं मी तीन दिवस धरून चाललो. पस्तीस झाला, छत्तीस झाला. रविवारी मात्र घरी बसवेना. दहिसरच्या दुकानातून भाड्याची सायकल घेतली आणि बोरिवलीच्या जंगलात गेलो. मला एवढंच पाहायचं होतं की माणसाला खरंच वेळेवर ब्रेक मारता येतो का.

डांबरी रस्ता सोडला. एका टेकाडावरून खाली ओढा दिसत होता, पलीकडे पुन्हा रस्ता. मी सायकल सरळ उतारावर घातली. पहिले दहा-वीस हात बरे गेले. मग पायाखालचा मुरूम सुटला, सायकल वाळक्या पानांवरून घसरली आणि आम्ही दोघं घाणेरीच्या जाळीत जाऊन थांबलो. ब्रेक मी मारले होते. दोन्ही.

खाली पाहिलं तर दीड पुरुष उंचीचा खडक, आणि त्याखाली कोरडा ओढा. वर चढायला गेलो तर दोन पावलं वर आणि तीन खाली. सायकल भाड्याची, सोडून जाता येईना. बाजूला करवंदीच्या जाळ्या. रस्ता तिथून दिसत होता, त्यावरून बस गेलेलीही दिसली. हाक मारली असती तरी ऐकू गेली नसती. त्या जागी मी सायकलचं हँडल धरून दोन तास उभा होतो. त्या दीड वर्षात आपण कुठे आहोत हे इतकं स्वच्छ मला कधी दिसलं नव्हतं. एका बाजूला वर जाता येत नाही, दुसऱ्या बाजूला खाली, आणि जायचं ठिकाण मात्र समोर दिसतंय.

शेवटी डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक पाड्यावरची बाई वरून दिसली. ती थांबली, बघत राहिली.

"सायकल घेऊन कुठं निघाला रे? पाण्याला?"

"वाट आहे असं वाटलं."

"वाट तिकडून हाय. इथून गुरंपण जात नाहीत."

तिने दाखवल्याप्रमाणे सायकल खांद्यावर घेऊन आडवा आडवा सरकत मी वर आलो. सदरा फाटला होता.

सोमवारी नऊ वाजता दोन्ही प्रती साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी भिंग लावून पाहिलं. खूप वेळ पाहिलं. अकराच्या कोपऱ्यात माझा ट्रेसर नंबर होता, आणि त्याशेजारी तपासनीस म्हणून त्यांची सही.

"कधी कळलं?"

"गुरुवारी."

"आज सोमवार आहे."

त्यांनी लगेच फ्रान्सला पाठवायच्या टेलेक्सचा मजकूर लिहायला घेतला. मला वाचायला दिला, इंग्रजी नीट आहे का बघा म्हणाले. त्यात लिहिलं होतं की तपासणीतली चूक त्यांची स्वतःची, छपाई थांबवावी, पहिले वीस नकाशे परत पाठवावेत. माझा उल्लेख कुठेच नव्हता. मी तो कागद परत दिला आणि विचारलं, "साहेब, पुढच्या बुधवारचं?"

"ते वीस परत येऊन तपासल्याशिवाय संच पुरा होतो का?"

"नाही."

"मग?"

एवढंच. आवाजात राग नव्हता, म्हणून वाद घालायलाही जागा नव्हती. त्या बुधवारी कोल्हापुरात माझं नाव पुकारलं असेल त्या वेळी, मधले सगळे नकाशे पुन्हा तपासून, मी सदतिसाव्या नकाशावर एका खिंडीतून निळी वाट नेत होतो.

त्या संध्याकाळी काकांनी नंबर विचारला नाही. मावशीला म्हणाले, "ह्येका जरा जास्तीची भाकरी घाल गो. लय चढ चढून इलो हा."

वीस फिल्म तीन आठवड्यांनी परत आल्या. अकरावरची पायवाट मी अर्ध्या ब्लेडने खरवडली, एकेक तुकडा. शाई निघाली, पण दिव्यावर धरली की तिथे धूसर चरा दिसायचाच. साहेबांनी पाहिलं आणि अख्खा नकाशा नव्याने काढायला सांगितला. ऑगस्टच्या शेवटी चाळिसावा पार पडला, त्याच दिवशी त्यांनी कपाट उघडून माझा कागद दिला. मी गुंडाळी करून दिला होता, फायलीत बसावा म्हणून त्यांनी त्याची मधोमध घडी घातली होती.

मी तो सपाट करायला टेबलावर ठेवला. खालचा दिवा चालूच होता. पदवीच्या नावावरून एक आडवी रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत उजळली.

समोरून घाटकोपरवाली वाकून बघत होती. "घडी आहे रे ती," ती म्हणाली. "गिरवू नकोस."

मी हसलो. कोल्हापूरचे वर्ग सुरू होऊन महिना झाला होता. कागद पिशवीत होता, दार उघडं होतं, आणि जायला त्या वर्षी जागा नव्हती. पुढच्या जूनमध्ये मी गेलो, तेव्हा साहेबांनी स्वतःहून शिफारसपत्र दिलं, त्याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे. पण त्या दुपारी त्यांनी नवा संच टेबलावर आणून ठेवला. त्याच डोंगररांगेचा पलीकडचा भाग, तीस नकाशे, या वेळी झेरॉक्स नव्हे, मूळ कागद. मी पहिला कागद उचलला, खाली ठेवण्याआधी त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं, आणि फिल्म लावली.