दुपारचा पोळपाट

उभं आयुष्य जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेल्या माणसाचे कान फारसे भरवशाचे नसतात. त्यामुळे बायको गेल्यानंतर काही महिन्यांनी, इथे परदेशात, तोआ पायोह वस्तीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये दुपारी चारच्या सुमाराला तिचा पोळपाट वाजू लागला, तेव्हा मी कोणाला काही बोललो नाही.

आमचा पोळपाट वाजायचाच. तीन पायांची वस्तू डुगडुगणं शक्य नाही, हे मी तिला आकृती काढून पटवलं होतं. तिने आकृती नीट पाहिली, लाटणं काठाशी नेऊन दाबलं आणि पोळपाट म्हणाला, टक्. पुढे मी कधीही शहाणपणा केला की ती काठाशी लाटणं दाबायची. पण त्या दुपारची पहिली पोळी तव्यावरून थेट माझ्या हातात यायची, तूपगूळ घालून, सुरळी करून. निम्म्या जगाची बंदरं पाहिली, पण ओट्याशी उभं राहून, जीभ भाजत खाल्लेल्या त्या सुरळीची सर कशालाच नाही.

तर तोच आवाज. सरसर, सरसर, टक्. पोळपाट मात्र कपाटात, पेपरात गुंडाळलेला. उघडून खात्री केली. घाबरलो, खोटं कशाला बोलू. मग एक दिवस चहा घेऊन हॉलमध्ये बसलो, स्वयंपाकघराकडे पाठ करून. वळून बघायचं नाही, एवढा एकच नियम. कपातली वाफ, फरशीवर उन्हाचा तिरपा पट्टा, पाठीमागे टक्. तेवढा वेळ मी इतका सुखात असायचो की हे सुख आपण लबाडी करून मिळवतोय असं वाटे.

पण इंजिनिअरची खोड जात नाही. कुठलं बेअरिंग वाजतंय ते शोधायला आम्ही स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवतो आणि मूठ कानाला लावतो. एका रविवारी न राहवून मी तसाच स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटलो, आणि नेमकी तेव्हाच शहराच्या दुसऱ्या टोकाच्या पासिर रिसहून मुलगी आली. बाप भिंतीशी, कानाला स्क्रूड्रायव्हर. तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग तीही थबकली.

"बाबा, हे रोज होतं?"

"तुला येतंय ऐकू?"

"वरून येतंय. थांबा, सांगून येते त्यांना."

मी नको म्हणेपर्यंत ती जिना चढलीसुद्धा. परत येऊन म्हणाली, वर एक चिनी आजी आहेत, डंपलिंगसाठी मोदकासारख्या पाऱ्या लाटतात, फार ओशाळल्या, आता फळीखाली टॉवेल घालणार आहेत. बापाचा प्रश्न सोडवून लेक खुशीत घरी गेली.

सोमवारी चार वाजले. चहा होता, ऊन होतं, पाठीमागे काही नव्हतं. बायको गेली तेव्हा हॉस्पिटलात माणसं होती, फोन होते, सह्या होत्या. मला वाटतं ती खरी गेली ती या सोमवारी. चहावर साय धरली.

मंगळवारी वर गेलो. आजींनी जाळीच्या दारामागूनच सॉरी, सॉरी सुरू केलं आणि टॉवेल आणून दाखवला. तो काढा म्हटलं, तर आणखी जाड हवा असं समजून आतून दुसरा घेऊन आल्या. पोळपाटाबद्दल मी इंग्रजीत काय काय सांगितलं देव जाणे. शेवटी तोंडून निघून गेलं, "माय वाइफ लाइक दॅट साउंड."

आजींनी माझ्या खांद्यावरून मागच्या रिकाम्या कॉरिडॉरकडे पाहिलं. मी एकटा असतो हे लेकीने त्यांना सांगितलंच असणार. त्यांनी दोन्ही टॉवेल खुर्चीवर टाकले.

"आस्क हर लाह," इथल्या बोलीतला 'लाह' जोडून त्या म्हणाल्या. "फास्ट ऑर स्लो?"

चेष्टा नव्हती. विचारून सांगतो म्हणालो आणि खाली आलो. चपला काढल्या, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. संसार सगळा एका हाकेवर निभावला होता, दुसरी सुचेना.

"अगं," मी म्हणालो, आणि ती एरवी घ्यायची तेवढा वेळ तिला दिला.

मग पुन्हा वर जाऊन आजींना सांगितलं, "स्लो."