ताईची दाण्याची चॉकलेटं

मी काही लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि घरातली गोष्ट अशी कागदावर आणावी की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. चुकत असेन तर माफ करा.

ताईनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, तेव्हापासून पप्पांनी घरात तिचं नाव बंद केलं. ती राहते जैनाबादला, आमच्या गावातल्या लालबागच्या घरापासून नदी ओलांडली की झालं. आठ महिन्यांत आमच्यापैकी कुणी ओलांडली नाही. एक दिवस आई हळूच म्हणाली, "परवा तिचा वाढदिवस. दाण्याचं ते चॉकलेट येतं का रे तुला?"

ताई करायची तेव्हा माझं काम फक्त भांडं चाटायचं. तरी आठवेल तसं केलं. दाणे भाजले, सालं पाखडली, मिक्सरला लावले. आधी कूट झालं, मग गोळा. तेल सुटेपर्यंत धीर धरायचा असतो. मिक्सर दोनदा तापून बंद पडला. पिठीसाखर घालून गोळ्या वळल्या. चॉकलेट गरम पाण्यावर वितळवताना वाफेचं पाणी आत पडलं आणि ते रव्यासारखं झालं. दुसरं आणलं. आप्पेपात्रात चॉकलेट, मधे दाण्याची गोळी, वर पुन्हा चॉकलेट, आणि फ्रिजमध्ये.

तयार चॉकलेटं काढत होतो तेवढ्यात पप्पा दुकानातून जेवायला आले.

"आज आप्प्यांना काळं कोणी फासलं?"

"कॉलेजात प्रोग्राम आहे," मी म्हणालो. आई तव्यावरच्या भाकरीकडे बघत राहिली.

त्यांनी एक तोंडात टाकलं. बराच वेळ चावलं. "मीठ राहिलं," म्हणाले. "वरून चिमूटभर टाकायची ती." आणि न जेवताच चप्पल घालून निघून गेले.

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी मीठ तेवढं भुरभुरलं.

जैनाबादहून आमच्या वर्गात येणाऱ्या मुलीजवळ डबा दिला. "पप्पांना कळू द्यायचं नाहीये," एवढं तिला बजावलं. नंतर दोन दिवस ती कॉलेजला आलीच नाही. मी घरी पोचलो की आई दारातच विचारायची, "काही कळलं?"

तिसऱ्या दिवशी ती भेटली, डबा तसाच परत घेऊन. ताईनं झाकणही उघडलं नव्हतं. आधी विचारलं होतं, "पप्पांना माहीत आहे?" मुलीनं मान हलवली, नाही.

"मग परत ने," ताई म्हणाली. "घरचे त्यांना सांगून पाठवतील तेव्हा खाईन."