आभार मानणारं पान

शाळा चौथीत सुटली. कारेलीबागेत पिठाची गिरणी चालवली आणि तिच्यावर मुलाला कॉम्प्युटर शिकवला. तेव्हा त्याला बोलायचा हक्क माझा आहे.

बायको गेली तेव्हा मुलाने तिच्या नावाचं एक पान इंटरनेटवर केलं. वर तिचा फोटो, खाली आठवण लिहायला चौकट. "लांबच्यांना येता येत नाही, बाबा. घरूनच लिहितील. तेराव्याला वाचून दाखवू."

मला एकाच माणसाचं ऐकायचं होतं. तिची थोरली बहीण, इंदूरची. आमच्या लग्नात मानपानावरून वाजलं, तेव्हापासून ती माझ्याशी बोलली नाही. मीही बोललो नाही. तिने मुलाला कळवलं, "दुपारभर बसून लिहिलंय रे. तुझ्या बापाबद्दलही आहे. ऐकव त्याला." बरं की वाईट, ते काही सांगितलं नाही.

तेराव्याचं जेवण उरकलं. मुलाने लॅपटॉप टीव्हीला जोडला. तारखा आल्या, वेळा आल्या, पुढे काही नाही. ओळीखाली ओळ, सगळ्या रिकाम्या.

शेजारचे गुजराती भाई म्हणाले, "में तो लख्युं हतुं. सामेथी आभार पण आव्यो." म्हणजे त्यांनी लिहिलं होतं, पानाकडून आभारही आले होते.

मुलाचे कान लाल झाले. म्हणाला, लिहिलेलं पुडकं बांधून सर्व्हरकडे जातं. ते उघडून आतलं वाच, असं सर्व्हरला सांगावं लागतं. घरच्या लॅपटॉपवर तशी सूचनेची ओळ होती, नव्या सर्व्हरवर टाकायची राहिली.

"मग सर्व्हरने काय केलं?"

"पुडकं आल्याची नोंद केली. आतलं टाकून दिलं."

"आणि आभार कोणी मानले?"

"पानाने. बटण दाबलं की लगेच. सर्व्हरचं उत्तर यायच्या आधीच."

"परत मिळेल?"

"नाही, बाबा."

"म्हणजे दळण घेतलंस, गटारात ओतलंस, आणि वर हात जोडून म्हणालास, पुन्हा या! अलकापुरीच्या ऑफिसात याचाच पगार देतात तुला?"

सून म्हणाली, "बाबा, लोक बसलेत."

"बसू देत. दळण त्यांचंच होतं."

तो रडायला लागला. मी ताक संपवलं.

मग त्याने सगळ्यांसमोर इंदूरला फोन लावला, स्पीकरवर. "मावशी, तू लिहिलेलं गेलं, चूक माझी झाली. पुन्हा लिहिशील का गं?"

"तुझ्या बापाने पुसायला लावलं असणार."

"नाही गं, शपथ."

"बापासाठी खोटं बोलतोयस. हवं असेल तर त्यालाच विचारू दे."

त्याने फोन माझ्यापुढे धरला. "बाबा, नुसतं 'लिहा' म्हणा. एवढंच."

मी फोन हातात घेतला आणि बंद केला. "त्या बाईपुढे मी वाकणार नाही. तुझ्या गाढवपणापायी तर नाहीच."

दुसऱ्या दिवशी त्याने ती ओळ टाकली. आता रिकामं आलं तर सर्व्हर परत पाठवतो, आणि मजकूर जागेवर पडल्याशिवाय पान आभार मानत नाही. पण पुन्हा कोणी लिहिलं नाही. तिच्या फोटोखाली एकच मजकूर आहे, मुलाने तपासायला टाकलेला: "चाचणी चाचणी". खाली त्याचं नाव. तो पुसायला बसला तेव्हा मी मनगट धरलं.

"राहू दे. तुझ्याकडून आईला पोचलं ते एवढंच."

दर श्राद्धाला मी ते पान टीव्हीवर लावायला सांगतो. तो मान खाली घालून लावतो. इंदूरची अजून धडधाकट आहे. तिचा नंबर त्याने माझ्या फोनमध्ये घालून दिलाय. मी काही फोन करणार नाही.