फोडणाऱ्याचं नाव

कोल्हापुरात रागीट माणसांचा तुटवडा कधीच नव्हता, पण राग कशावर खर्च करावा आणि कशावर करू नये हे नेमकं कळलेला माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. तो शाहूपुरीतल्या एका बोळात काच फुंकत बसायचा. बाकी आम्ही सगळे आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून, एसटी वीस मिनिटं उशिरा आली म्हणून, पोरानं रेडिओचं बटण पिळलं म्हणून घर डोक्यावर घेणारे. आणि जिथं खरोखर टेबलावर मूठ आपटायची तिथं 'चालायचंच' म्हणून सुपारी कातरत बसणारे. हे मी स्वतःला धरून सांगतोय. कॉलेजात मी तीस वर्षं मातीचं रसायनशास्त्र शिकवलं, आणि तीसही वर्षं माझं तोंड जिथं उघडायला हवं होतं तिथं मिटलेलं राहिलं. ह्या काचवाल्या चाचांची आठवण आली की मला आधी त्यांचं हसू येतं, मग संताप येतो, आणि तो संताप त्यांच्यावरचा नसतो.

चाचांना नाव होतं, पण ते त्यांच्या दुकानाच्या पाटीवरही नव्हतं. पाटीवर 'काचकाम' एवढंच. आत एक लाकडी टेबल, त्यावर निळी ज्योत फुरफुरणारा दिवा, भिंतीला टेकवून ठेवलेल्या काचेच्या नळ्या आणि कोपऱ्यात गवतात गुंडाळलेली मोडकी उपकरणं. आमच्या भागातली सगळी कॉलेजं त्यांच्याकडे यायचीच, पण शिवेपलीकडच्या, कर्नाटकातल्या कॉलेजांची खोकीसुद्धा एसटीच्या टपावरून उतरायची. गिऱ्हाइकाला चहा मिळायचा तो काचेच्या मोजपात्रातून, बरोबर पन्नास मिलिलिटर, रेघेला डोळा लावून ओतलेला. कुणी 'अजून थोडा' म्हटलं की चाचा विचारायचे, "थोडा म्हंजे किती?" ह्याचं उत्तर विज्ञानाच्या एकाही प्राध्यापकाला कधी देता आलं नाही.

काच फुंकताना तोंडात नळी असते आणि बोलता येत नाही, ही त्यांच्या धंद्यातली मोठी अडचण होती. ऐकू मात्र सगळं येतं. त्यामुळे राग आत साठत जायचा, डोळे मोठे होत जायचे, आणि नळी तोंडातून निघाली की साठलेलं सगळं एका दमात बाहेर पडायचं, तेही अनुक्रमानं. आमच्याकडचा एक नवा डेमॉन्स्ट्रेटर एकदा त्यांच्यासमोर उभा राहून दहा मिनिटं बोलला. काम उशिरा होतं, सांधा दिसतो, मुंबईची काच बरी, असं बरंच. चाचा फुंकतायत, ऐकतायत. समोरचा गप्प आहे म्हणजे पटलेलं आहे असा समज करून घेऊन तो शेवटी म्हणाला, "मग ठरलं तर." चाचांनी नळी काढली. त्याच्या सातही मुद्द्यांचा त्यांनी त्याच क्रमानं समाचार घेतला, सहावा मुद्दा तो स्वतः विसरला होता, त्याचीही त्याला आठवण करून दिली, आणि आठवा मुद्दा म्हणून त्याच्या शर्टाच्या तुटक्या बटणाविषयी दोन शब्द सांगितले.

पण त्यांचा खरा हट्ट वेगळाच होता. मोडकं उपकरण घेऊन कुणी गेलं की पहिला प्रश्न यायचा, "कोणी फोडलं?" 'फुटलं' हा शब्द त्यांना चालत नसे. काच आपणहून फुटत नाही, कुणीतरी ती फोडतं, असं त्यांचं म्हणणं. ज्यानं फोडलं त्यानं स्वतः यायचं, एका चिठ्ठीवर आपलं नाव लिहायचं, ती चिठ्ठी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडायची आणि मगच दुरुस्ती सुरू व्हायची. माझ्या हातातून वस्तू निसटायच्या फार, त्यामुळे त्या डब्यात माझ्या चिठ्ठ्यांचा ढीग होता. एकदा खुद्द आमचे प्राचार्य आपल्या हातून फुटलेला वायुभारमापक घेऊन गेले आणि चिठ्ठीवर झोकात 'प्राचार्य' असं लिहिलं. चाचांनी चिठ्ठी परत सरकवली. "हुद्दा नको. हुद्द्यानं कधी काय फोडलंय? नाव लिवा." प्राचार्यांनी मुकाट्यानं नाव लिहिलं.

आमच्या कॉलेजाचं आणि शिवेपलीकडच्या एका कॉलेजाचं तेव्हा कायम वाजायचं. दोघांचाही अभ्यास एकाच गोष्टीवर. शिरोळकडच्या रानांना पाणी मुबलक मिळालं, ऊस पिकला, आणि हळूहळू जमिनीतून मीठ वर येऊन शिवारं पांढरी पडायला लागली. तीच नदी, तीच माती, तोच ऊस, तेच मीठ. तरी त्यांचे आकडे वेगळे आणि आमचे वेगळे, आणि दोघंही दोष द्यायचे तो समोरच्याच्या काचेला. दोन्हीकडची काच चाचांची. हा अपमान त्यांना सोसला नाही. तेव्हापासून त्यांनी ब्युरेट, म्हणजे थेंब थेंब मोजायच्या आकडे कोरलेल्या नळ्या, जोडीनंच करायला सुरुवात केली. एकाच लांब नळीचे दोन तुकडे. एक इकडे, एक तिकडे, दोन्हींवर हिरवा ठिपका. "आता भांडायचं तर भांडा की," ते म्हणाले, "पण काचंचं नाव घ्यायचं न्हाय." राज्याराज्यांमध्ये शैक्षणिक सहकार्य म्हणतात ते मी पाहिलं तेवढं ह्या हिरव्या ठिपक्याएवढंच.

कारण बाकीचं सहकार्य टपालात होतं. शिवारातलं खारं पाणी चर खणून बाहेर काढायचं आणि खालच्या ओढ्यात सोडायचं, असा उपाय आमच्या विभागानं काढला. ओढा शिवेपलीकडे. म्हणजे मोजणी दोघांनी मिळून करायला हवी. पलीकडचं कॉलेज एसटीनं अडीच तासांवर. पण आमच्या विभागप्रमुखांचं पत्र आधी मुंबईला गेलं, तिथून दिल्लीला, तिथून बेंगळूरला आणि तिथून कुठं गेलं ते ईश्वराला ठाऊक. दीड वर्षानं मुंबईहून विचारणा आली, की मातीच्या नमुन्यांची देवाणघेवाण करण्यापूर्वी सदर नमुन्यांचा नमुना सादर करावा. हे वाचून मला हसू आलं होतं, ह्याची मला आज लाज वाटते. विभागप्रमुख म्हणाले, "आपल्या हद्दीपुरतं करून घेऊ. पुढचं पुढं." मी नकाशा काढला. चराची निळी रेघ शिवेपर्यंत आणली, तिच्या टोकाला एक बाण काढला आणि सुबक अक्षरात लिहिलं, 'पुढे परराज्याची हद्द'. उतार कुठं जातो हे मी वर्गात शिकवत होतो. बाणाच्या टोकाशी पाणी थांबत नाही हे मला कळत होतं. मी शाई वाळू दिली आणि नकाशा गुंडाळला.

चर खणला गेला, फीत कापली गेली, इकडची रानं सुधारली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर आमच्या कॉलेजात एक मोठी परिषद भरली. विषय होता, शेजारी देशांचं उच्च शिक्षणातलं आणि संशोधनातलं सहकार्य. श्रीलंकेचे एक वयस्कर मृदाशास्त्रज्ञ आले, नेपाळचे दोघं आले, त्यांना फेटे बांधले, तांबडा-पांढरा रस्सा झाला. अडीच तासांवरच्या कॉलेजातलं कुणी नव्हतं, कारण त्यांना बोलवायची परवानगी आली नव्हती. समुद्रापलीकडचा शेजारी चालतो, ओढ्यापलीकडचा चालत नाही, हे व्यासपीठावर बसलेल्या एकाही माणसाला विचित्र वाटलं नाही. मीही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतो.

पाहुण्यांना भेट म्हणून विभागप्रमुखांनी चाचांना काचेचे हंस करायला सांगितले होते, पोटात निळं पाणी भरलेले. चाचा स्वतः घेऊन आले. हंस सुंदर होते, पण पाणी निळं नव्हतं, गढूळ पांढरट होतं, आणि पाठीवर एकेक बूच. विभागप्रमुख दबक्या आवाजात म्हणाले, "निळं सांगितलं होतं तुम्हाला."

"निळं न्हाय," चाचा सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाले. "खारं हाय. तुमच्याच चराचं हाय. माझ्या पोरीच्या रानात येतंय ते."

चाचांची मुलगी शिवेपलीकडच्या पहिल्या गावात दिली होती, हे मला तेव्हा कळलं. श्रीलंकेचे पाहुणे काय झालं म्हणून विचारायला लागले. मी इंग्रजीत सांगितलं, म्हणजे निम्मं सांगितलं. त्यांनी बूच काढलं, बोटानं थेंब जिभेला लावला, डोक्यावरचा फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि म्हणाले, हे शेत मला आत्ता पाहायचं आहे.

चाचांना आणि माझा नकाशा बरोबर घेऊन कॉलेजच्या जीपमधून आम्ही निघालो. शीव म्हणजे काय, तर बाभळीखालचा एक दगड. तिथं विभागप्रमुखांनी जीप थांबवली आणि आपण पदावर असल्यामुळे परवानगीशिवाय पलीकडे येणं बरं दिसणार नाही, असं सांगून ते जीपमध्येच बसून राहिले. त्यांची मेहुणी पलीकडे दिली होती आणि दर दिवाळीला ते तिच्याकडे फराळाला जात. हा माणूस पुढं मोठमोठ्या समित्यांवर गेला.

दोन एकरांचा तुकडा होता. वर खडू उगाळून सांडल्यासारखा पांढरा थर, मधूनमधून जळलेली उसाची खोडं. पलीकडच्या कॉलेजातले प्राध्यापक सायकलवरून आधीच येऊन थांबले होते. चाचांनी आदल्या दिवशीच निरोप धाडून ठेवला होता. मला पाहताच ते कानडीमिश्रित मराठीत म्हणाले, "बरलिल्ला री, मास्तर. तुमचा नकाशा दीड वर्षात आलाच नाही." त्यांनी आपला नकाशा बांधावर पसरला, मी माझा त्याला लावून ठेवला. आमचा शिवेशी संपत होता. त्यांचा शिवेच्या बराच पुढून सुरू होत होता, कारण सीमेलगतचा पट्टा वादाचा म्हणून वरिष्ठांनी त्यांना मोजूच दिला नव्हता. मधे जे कोरं राहिलं तिथं आम्ही उभे होतो. ते शेत कुणाच्याच नकाशात नव्हतं.

चाचांची मुलगी डोईवरचा पदर सावरत आली. ती ओरडली नाही, रडली नाही. "वरच्या रानातलं मीठ गेलं म्हणं, मास्तर," ती म्हणाली. "चांगलं झालं. त्यास्नी पीक आलं. आता आमच्यातलं कुठं सोडायचं तेवढं सांगा."

चाचा वाकून दोन्ही नकाशे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी खिशातून कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल काढली आणि दुकानात विचारायचे त्याच आवाजात विचारलं, "हे कोणी फोडलं? नाव लिवा." पेन्सिल पलीकडच्या प्राध्यापकांपुढं आली, त्यांनी मान खाली घातली. माझ्यापुढं आली. मी घसा साफ केला आणि म्हणालो की ही एकूण व्यवस्थेची चूक आहे. तेवढ्यात श्रीलंकेच्या म्हाताऱ्या पाहुण्यांना वाटलं, भेट दिल्याची सही हवी असावी. त्यांनी पेन्सिल घेतली आणि नाव, गाव, देश सगळं नीट लिहून दिलं. चाचांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. "बगा," ते म्हणाले, "समुद्र वलांडून आलाय बिचारा, त्यानं लिवलं."

त्यानंतर पाच-सहा महिने मी आणि पलीकडचे प्राध्यापक दर रविवारी शिवेवर भेटलो. परवानगी कुणाची नाही. दोन ब्युरेट शेजारी शेजारी उभ्या करून आम्ही एकच पाणी मोजलं. आकडे थेंबाथेंबानं जुळले. तो कोरा पट्टा आम्ही भरून काढला, दोन्ही गावच्या माणसांनी फावडी चालवली आणि चर ओढ्याला नेऊन मिळवला. शेताचा बराचसा भाग सुधारला. एक कोपरा पांढरा राहिला तो राहिलाच. सरकारी परवानगी माझ्या निवृत्तीपर्यंत आली नव्हती.

चाचा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या दुकानात हल्ली प्लॅस्टिकच्या बादल्या मिळतात. मी त्या बोळातून सहसा जात नाही. गेलोच तर मला ती एक दुपार आठवते, चर पुरा झाल्यानंतरची. चाचा तोंडात नळी धरून फुंकत होते. मी मुद्दामच ती वेळ गाठली होती, कारण माझं बोलणं होईपर्यंत त्यांना बोलता येणार नव्हतं. मी घरून लिहून आणलेली चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "चाचा, तो बाण मी काढला होता. पाणी कुठं जाईल ते ठाऊक असून काढला होता." ते फुंकत राहिले. मी त्यांचे डोळे मोठे व्हायची वाट पाहत होतो. काचेचा फुगा पुरा झाला, त्यांनी तो उजेडाला धरून फिरवून पाहिला आणि नळी तोंडातून काढली. मी मान खाली घातली.

"ठावं हुतं, मास्तर," ते म्हणाले. "तुमच्या अक्षराच्या ढीगभर चिठ्ठ्या हायेत की डब्यात. बांधावरच वळकलं. तुम्ही कवा येताय बगत हुतो."

पुढं काही नाही. त्यांनी चिठ्ठी डब्यात टाकली, डब्याचं झाकण लावलं आणि मोजपात्र घेऊन चहा ओतायला लागले. जी बोलणी मला क्रमवार खायची होती, ज्यांच्यासाठी मी दोन रात्री जागून आलो होतो, ती त्यांनी मला दिली नाहीत. त्यांची वाट मी अजून पाहतो. मोजपात्र त्यांनी माझ्यापुढं सरकवलं. चहा पन्नासच्या रेघेच्या वर गेला होता. किती ते मी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.