मळमळीवर स्टिअरिंग

भावोजी,

तुम्ही गेल्यावर जो तो तुमच्या ड्रायव्हिंगची तारीफ करत होता. डोंगरातल्या रस्त्यावर जन्मभर बस चालवली, कधी साधा ओरखडा काढला नाही, वगैरे. खरी गोष्ट कुणीच काढली नाही, कारण गेलेल्या माणसाच्या उलट्यांबद्दल बोलू नये असा समज आहे. मी बोलते. मला दम निघत नाही, आणि तुम्हाला आता लाजायचं कारण नाही.

गाडी चालवताना मागे प्रवासी पिशव्यांत तोंड घालून बसायचे आणि तुम्ही पुढे मजेत शीळ घालायचात. "मनाचे खेळ आहेत, वहिनी," असं मलाही ऐकवायचात. मग मोतीबिंदू झाला, लायसन्स गेलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही तिकीट काढून मागच्या सीटवर बसलात. दुसऱ्याच वळणाला मनाचे खेळ बाहेर आले.

तेव्हापासून तुम्ही रिक्षातसुद्धा बसेनासे झालात. आम्ही पोट धरून हसलो. पण मग लेकीचा फोन आला. डोंगरापलीकडे दिलेली, दिवस भरत आलेले, आणि आई नाही. "बाबा, त्या वेळी माझं माणूस दारात पाहिजे," एवढंच म्हणाली. जायला रस्ता तो एकच.

सगळं घर कामाला लागलं. तुमच्या अक्कांनी आल्याच्या तुकड्यांना मीठ चोळून दिलं. शेजारच्या शिंपीणबाईंनी लवंगा दिल्या. माझ्या सुनेनं बडीशेप-वेलचीचं पाणी उकळलं. आमच्या ह्यांनी, म्हणजे तुमच्या थोरल्या भावानं, बनियनच्या आत वर्तमानपत्र घालायला लावलं. ते कशासाठी, हे त्यांनाही सांगता येईना. लिंबू हुंगायचं की चाटायचं यावरून घरात दोन तट पडले. मी बजावलं होतं, काहीतरी एकच घ्या, तेही थोडं. पण कुणाला दुखवणं तुमच्या रक्तातच नाही. सगळ्यांचं सगळं घेतलंत, वर प्रत्येकाला खासगीत सांगितलंत की तुझ्याच औषधावर माझी भिस्त आहे.

स्टँडवर बसच्या पायरीवर पाय ठेवलात आणि सगळ्यांची औषधं एकदम कंडक्टरच्या बुटांवर आली. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "आजोबा, गाडी अजून उभी आहे."

घरी येऊन तुम्ही स्वयंपाकघरातल्या खुर्चीत मान खाली घालून बसलात. पिवळे पडला होतात. पोटावरचं वर्तमानपत्र अजून करकरत होतं. लेकीला काय तोंड दाखवू, एवढंच म्हणत होतात. मी साखर-मिठाचं पाणी घोटघोट पाजलं आणि विषय बदलावा म्हणून विचारलं, त्या रस्त्यावरचं सगळ्यात वाईट वळण कुठलं. तुम्ही सांगायला लागलात. सांगता सांगता हात हवेत फिरायला लागले, पाय फरशीवर ब्रेक दाबायला लागला, बसल्या जागी डोंगर चढून पलीकडे उतरलात, आणि चेहऱ्यावर रंग परत आला.

"भावोजी," मी म्हटलं, "तुमच्या पोटाला काही झालेलं नाही. तुमचे हात रिकामे आहेत."

डेपोच्या भांडारवाल्याकडून मोडीतल्या बसचं स्टिअरिंग मी मागून आणलं, परत द्यायच्या बोलीवर. दुसऱ्या दिवशी ते मांडीवर धरून तुम्ही ड्रायव्हरच्या मागे बसलात, शेजारी मी, पर्समध्ये फक्त एक आल्याचा तुकडा. एकेक वळण तुम्ही घेतलंत, तेही ड्रायव्हरच्या आधी. चढावर तुम्ही त्याला "आता दुसरा गिअर टाक" म्हणालात, तेव्हा तो आरशात बघून म्हणाला, "काका, दोघांपैकी एकानंच चालवू या." उलटी तर सोडाच, साधी ढेकर नाही. आलं शेवटी मलाच चघळावं लागलं. तुम्ही गाडी फार जोरात हाणत होतात.

लेकीनं दार उघडलं तर बाप हातात चाक घेऊन उभा. ती इतकी हसली की हसता हसताच कळा सुरू झाल्या, असं ती अजून सांगते. दवाखान्याच्या बाकावरही तुम्ही चाक सोडलं नाहीत. नर्सनं नात आणून दाखवली तेव्हा ते माझ्या हातात कोंबलंत आणि तिला घेतलंत.

परत आल्यावर ते डेपोत द्यायचं होतं. डेपो गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी म्हणायचे, चला, रिक्षानं जाऊन येऊ. तुम्ही म्हणायचात, "जाईन हो वहिनी, पण रिकाम्या हातांनी परत कसा येऊ?" मग ठरलं, ऊन कमी झालं की दोघांनी चालत जायचं. ऊन कमी व्हायच्या आधी तुम्हीच गेलात.

चाक माझ्या खुर्चीच्या पाठीला अडकवलेलं आहे. भांडारवाल्यानं परवा पुन्हा विचारलं.