तपकिरी खाचेसाठी हैदराबाद

सकाळच्या सहाच्या एस.टी.नं नांदेड सोडलं तेव्हा माझ्या सामानात एक साडी, टूथब्रश आणि दोन जाड गोधड्या होत्या. उन्हाळ्यात गोधड्या कशाला, असं कंडक्टरनं विचारलं. मी म्हटलं, मॉनिटर गुंडाळायला. त्याला काही कळलं नाही आणि सांगायचा मला कंटाळा आला. गेला महिनाभर मी हेच सांगत होते. कॉम्प्युटर घ्यायचाय. सुटे भाग निवडून, जोडून. गेम खेळायला. हो, मलाच.

मी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होते, बाहेरगावचे फोन बोर्डावर जोडून देणारी. गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ उघडले आणि आमचे बोर्ड मुके झाले. मला बिलांच्या विभागात बसवलं आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कॉम्प्युटरच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथं जेवणाच्या सुट्टीत शिकवणाऱ्या मुलीनं विमान उडवायचा एक गेम लावून दिला. मी धावपट्टी सोडली, खाली नदी दिसली, आणि मिनिटभरात विमान शेतात घातलं. त्या मिनिटानंतर मला दुसरं काही सुचेना. आमचे हे शाळामास्तर. म्हणाले, "तुझे साठवलेले पैसे आहेत, घे की." नांदेडच्या एकुलत्या दुकानात मी ग्राफिक्स कार्ड मागितलं, तर दुकानदारानं विचारलं, "वाढदिवसाचं का लग्नाचं?" म्हणून हैदराबाद.

शिकवणाऱ्या मुलीनं मला वहीच्या कागदावर यादी करून दिली होती आणि खाली मदरबोर्डचं (ज्यात बाकीचे सगळे भाग बसतात त्या मुख्य पाटीचं) चित्र काढलं होतं. म्हणाली, "मॅडम, पांढऱ्या खाचा कितीही असोत, एक तपकिरी खाच असलीच पाहिजे. ग्राफिक्स कार्ड तिच्यातच बसतं. ती नसली तर विमान झटके खात उडेल. तपकिरी खाच नसेल त्या दुकानातून उठायचं." तीस हजारांच्या आत सगळं बसवायचं होतं. मी ते चित्र इतक्यांदा पाहिलं, की डोळे मिटले तरी खाच दिसायची.

देगलूरला चहा झाला. मदनूर आलं तशा दुकानांच्या पाट्या तेलुगू झाल्या, पण गाडीत चढणाऱ्या बायका मराठीतच भांडत होत्या. पुढं काळे खडक एकावर एक रचल्यासारखे दिसायला लागले. शहर जवळ आलं तसा रस्ता जागोजाग खणलेला. पुलांचे खांब उभे राहत होते आणि त्यांच्यामागं थंड पेयांच्या, टीव्हीच्या, मोटारींच्या जाहिराती. दुपारी दोनला इमलीबनच्या बसस्थानकावर उतरले आणि गोधड्या घेऊन उभी राहिले.

मागून कुणीतरी म्हणालं, "नांदेड?"

वळायच्या आधीच मी ओळखलं. पंधरा वर्षं हा आवाज रोज कानात ऐकला होता. विमल हैदराबादच्या बोर्डावर, मी नांदेडच्या. कॉल जोडता जोडता एकमेकींची दुखणीखुपणी कळलेली, पण चेहरा कधी पाहिला नव्हता. आवाजावरून मी तिला उंच, धिप्पाड समजत होते. समोर माझ्या खांद्याएवढी बाई, कपाळावर मोठं कुंकू. तिच्या आजोबांची बिदरकडं शेती होती. निजामाच्या काळातच घर शहरात आलं.

"अगे, तू इत्ती बारीक कशी?" ती म्हणाली. "आवाजावरून मला वाटलं चांगली भरलेली असशील."

नल्लकुंट्यात तिच्या दोन खोल्यांच्या घरी जेवण तयार होतं. ज्वारीची भाकरी, गोंगूरा (आपली अंबाडी, पण लाल मिरचीनं पेटवलेली) आणि पच्ची पुलुसु (चिंचेचं न उकळलेलं सार, वर कच्चा कांदा). मी तीन वाट्या प्यायले. विमलचं सगळं ठरलेलं होतं: आज विश्रांती, उद्या सकाळी कॉम्प्युटर, दुपारी सालारजंग संग्रहालय, संध्याकाळी चारमिनार. मला दम निघत नव्हता. निदान भाव तरी बघू म्हणून तिला संध्याकाळीच जवळच्या हिमायतनगरला ओढून नेलं.

तिथलं दुकान थंडगार, काचेचं. टाय लावलेल्या पोऱ्यानं आम्हाला पाणी दिलं, खुर्च्या दिल्या आणि हसून विचारलं, "मॅडम, बेटा कौन सी क्लास में है?"

"दहावीत," मी म्हणाले.

का म्हणाले, कोण जाणे. तोंडातून निघून गेलं. तो खूश झाला. नाव काय, म्हणाला. मी म्हटलं, अनिकेत. मग अनिकेतच्या अभ्यासाला काय लागेल, अनिकेतला गेमचा शौक असेल तर कुठलं कार्ड बरं, असं तो अर्धा तास मनापासून समजावत राहिला. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर नीट दिलं. शेवटचा आकडा माझ्या पैशांच्या दीडपट निघाला, म्हणून आम्ही उठलो.

रस्त्यावर आल्यावर विमलनं मला थांबवलं. मग म्हणाली, "हा अनिकेत कोन गं?"

"कुणी नाही."

"तुला लेकरू नाही, हे मला ठाऊक हाय. त्या टायवाल्याला कायकू सांगितलीस?"

"सोपं पडतं."

"सोपं नक्को. उद्या खरं बोलायचं. न्हाईतर मी येत नाही."

ते नाव फार जुनं होतं. कधीकाळी आम्ही ठरवून ठेवलेलं. मी तिला तेवढं सांगितलं. तिनं माझा हात धरला, पण म्हणणं मागं घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सिकंदराबादेत पार्क लेनला गेलो. एका इमारतीत तीन मजले नुसती कॉम्प्युटरची दुकानं. जिन्यात थर्माकोलचे तुकडे, पायाखाली वायरी. खरं बोलायचं ठरवून गेले होते आणि खऱ्याचा काय भाव असतो ते पहिल्या दहा मिनिटांत कळलं. एका दुकानात, "माझ्यासाठी, गेम खेळायला," म्हटल्याबरोबर दुकानदार शेजाऱ्याकडं बघून हसला. दुसऱ्यानं, "साब को लेके आओ," म्हणून पाठवून दिलं. तिसरा टाइपिंगचं मशीन दाखवायला लागला. कालच्या त्या नसलेल्या मुलाला जी खुर्ची मिळाली, ती मला, हाडामांसाच्या बाईला, मिळत नव्हती.

चौथ्या दुकानाचा मालक मात्र गोड बोलला. सोनेरी काड्यांचा चष्मा, गल्ल्यावर उदबत्ती. माझी यादी वाचली, मान डोलावली. "आंटी गेम खेलते? बहुत अच्छा." प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, पंधरा इंची मॉनिटर, छोटे स्पीकर, आणि ग्राफिक्स कार्डसुद्धा. सगळं तीस हजारांत. मी दोनदा विचारलं, कार्ड धरून ना? "धरके, आंटी." पैसे मोजून दिले. चार वाजता या, जोडून ठेवतो, म्हणाला. आम्ही समोर इराण्याकडं उस्मानिया बिस्किटं चहात बुडवून खाल्ली. सालारजंग गेलं, पण चारमिनार तरी होईल, अशी विमलला आशा होती.

चार वाजता सामान न्यायला आम्ही रिक्षा घेऊनच आलो. रिक्षावाले खादरभाई, पांढरी दाढी, खोकी उचलायला वर आले. आणि काय बघते, मालक गॅरंटी कशी, वायर कुठली कुठं, हे सगळं खादरभाईंना समजावून सांगतोय! मी मधे उभी. पैसे मी दिलेले. खादरभाईंनी एक मिनिट ऐकलं आणि म्हणाले, "मेरेकू क्या बोलते साब? मैं ऑटोवाला. अम्मा लिए, अम्माकू बोलो."

मालक हसला. मी म्हटलं, "डबा उघडा."

"क्यों आंटी? सील लगा दिया."

"उघडा."

कुरकुरत त्यानं कारागिराकडून पत्रा काढवला. मी पर्समधून चित्र काढलं, वाकून आत पाहिलं. पांढऱ्या खाचा तीन. तपकिरी एकही नाही. कार्डही नाही. मी पुन्हा मोजलं.

"तपकिरी खाच कुठंय?" मी मराठीतच विचारलं. मग हिंदीत.

"वो इसमें बिल्ट-इन है. कार्ड बोर्ड के अंदरच रहता. नया मॉडल."

"मी कार्डाचे पैसे वेगळे दिलेत. बिलावर वेगळं लिहिलंय."

तो चष्मा पुसत, अगदी प्रेमानं म्हणाला, "आंटी, आपको क्या फरक पड़ता? आपके उमर में ताश खेलेंगे, पत्ते. इसपे पत्ते एकदम मस्त चलते."

त्यानं चूक केली असती तर मी एवढी भडकले नसते. ही चूक नव्हती. माझ्या तोंडाकडं बघून त्यानं ठरवलं होतं, की हिला कळणार नाही. दहावीतला मुलगा बरोबर असता तर खाच बसली असती.

मी पैसे परत मागितले. बिल झालं, माल परत नाही, म्हणाला. बोर्ड बदला म्हटलं, तर उद्या बघू. उद्या माझी परतीची गाडी होती आणि ते त्याला मीच सकाळी सांगितलं होतं. मग मॉनिटरचं खोकं मी दुकानाच्या दारात ओढलं आणि त्यावर बसले. जन्मात कधी असं केलं नव्हतं.

विमलनं पदर खोचला. पंधरा वर्षं खरखरत्या लायनीवरून पार नागपूरपर्यंत पोचवलेला आवाज तिनं त्या जिन्यात सोडला. "ऐका हो! या दुकानात कार्डाचे पैसे घेतात आन् कार्ड देत न्हाईत! अपना अपना डब्बा खोलके देखो!" मग तेच तेलुगूत. वरच्या मजल्यावरची डोकी कठड्यावरून डोकावली. मालक उठून आला, म्हणाला, आवाज कमी करा, गिऱ्हाइकं आहेत. खादरभाई पायरीवर बसून होते. म्हणाले, "साब, बैंगन के बातां नक्को (फालतू गोष्टी नकोत). अम्मा का चीज अम्माकू देदेव." त्यांचं भाडं बुडत होतं. मी जायला सांगितलं तरी हलले नाहीत.

तासभर असंच. मालकानं आमच्याकडं बघणं बंद केलं. मला रडू येईल अशी भीती वाटायला लागली आणि रडले असते तर तो जिंकला असता. तेवढ्यात एक प्राध्यापकासारखे दिसणारे गृहस्थ पैसे भरायला गल्ल्याशी आले. त्यांनी मला वाट मागितली. मी वाट दिली आणि म्हटलं, "तपकिरी खाच बघून घ्या." चित्र दाखवलं. त्यांनी ते नीट पाहिलं, पैशांचं पाकीट पुन्हा खिशात घातलं आणि मालकाला म्हणाले, "माझा डबा आधी उघडून दाखवा."

त्यानंतर पाच मिनिटांत आतल्या खोलीतून दुसरा बोर्ड आला. तपकिरी खाचेचा, आणि सोबत कार्ड.

पण तो महाग होता, आणि वरचा फरक मीच द्यावा म्हणून मालक अडला. कार्डाचे पैसे तर मी आधीच दिले होते. या बोर्डाशिवाय ते कार्ड बसणार कुठं? पण माझ्याकडं एस.टी.च्या भाड्याशिवाय काही उरलं नव्हतं आणि बाहेर दिवे लागत होते. मी पंधरा इंची मॉनिटर परत देऊन चौदा इंची घेतला, स्पीकर सोडले. खाच सोडली नाही. याचा राग मला आजही येतो. विमल म्हणते, जिंकलीस ना. मी जिंकले नाही. माझीच वस्तू मी दोनदा विकत घेतली.

गेम चालवून दाखवल्याशिवाय उठणार नाही म्हटलं. कारागिरानं सीडी घातली. धावपट्टी आली, एकही झटका न खाता. मी स्टुलावर बसून विमान उचललं आणि दहा-बारा जणांसमोर सरळ डोंगरावर घातलं. "गिर गया आंटी," मालक म्हणाला. मी पुन्हा सुरू केलं. या वेळी डोंगर खालून गेला. मग मीच बंद केलं.

हैदराबाद एवढंच पाहिलं. टँक बंडवरून जाताना रिक्षाच्या पडद्याआडून तलावातला बुद्ध अर्धा दिसला. बाकी अर्ध्यावर माझं खोकं होतं. खादरभाईंनी ठरलेल्यापेक्षा एक रुपया जास्त घेतला नाही. चारमिनार राहिला म्हणून विमल सकाळी बसस्थानकावर माझ्यावरच रुसली. शेवटी म्हणाली, "आता तोंड बघितली ना, आता येत जा," आणि खिडकीतून बिस्किटांचा पुडा आत टाकला.

गोधड्यांत गुंडाळलेला मॉनिटर मांडीवर घेऊन आठ तास बसले. पाय मुंग्यांनी बधिर. देगलूरच्या पुढं शेजारच्या बाईनं विचारलंच, मुलासाठी का? मी म्हटलं, नाही, माझ्यासाठी, खेळायला. ती गोधडी चाचपून म्हणाली, "महाग असंल." बस्स, एवढंच. तिच्यावर मला राग आला नाही.

घरी आल्यावर यांनी सगळं खोलून मांडलं, मी वायरी जोडल्या. चालू झालं. हे कौतुकानं एकेक कागद वाचत होते. गॅरंटीच्या कार्डाशी थबकले आणि हसले. मी हातातून घेतलं. ग्राहकाचं नाव: श्री. दिगंबर बोधनकर. पत्ता लिहून दिला तेव्हा सवयीनं मीच वर 'द्वारा' म्हणून यांचं नाव घातलं होतं. दुकानदारानं माझं नाव गाळून तेवढंच उतरवलं. हे हैदराबादला कधी गेलेले नाहीत. मालकावर जेवढी चिडले नव्हते तेवढी त्या क्षणी स्वतःवर चिडले.

मी पेन घेतलं.

"अगं, खाडाखोड केलीस तर गॅरंटी जाईल," हे म्हणाले. "त्यावर शिक्का आहे."

"जाऊ दे," मी म्हटलं, आणि खोडून वर लिहिलं, मालती बोधनकर.