मामाची खडूची रेघ

आमच्या मामाला गल्लीत कुणी नावाने हाक मारत नाही. तो ‘रेघवाला’. टायर बसवला की मामा चाकाचा एकेक नट लांब पान्याने करकचून आवळतो आणि नटावरून थेट रिमवर खडूची रेघ ओढतो. नट सैल झाला की रेघ तुटते, तिचे दोन तुकडे जुळत नाहीत. तीस वर्षांत आपली एकही रेघ तुटलेली नाही, असं तो दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो. मला तर जेवतानासुद्धा ऐकवतो.

परवा त्याच्या लेकीच्या, म्हणजे आमच्या ताईच्या, गाडीला त्याने चारी टायर नवे घातले. ताईला नर्सची नोकरी लागली होती आणि हॉस्पिटल चाळीस किलोमीटरवर. रोज गाडी तीच चालवणार. ताई गाडीपाशीच होती, मीही दुकानातच होतो. मदत करत होतो, असं माझं मत. मधेमधे येत होतो, असं मामाचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई ड्युटीवरून थेट दुकानात आली.

“बाबा, गाडी थरथरतेय. स्टिअरिंग धरलं की हाताला मुंग्या येतात.”

“माझ्या हातचं चाक थरथरत नाही. रस्ता खराब असेल.”

“रस्ता नाही हो. सकाळी नुसती ऐंशीच्या वर थरथरत होती. आता तीसलाही.”

मामा हात पुसायचा थांबला. “तीसला? चाकाचा तोल साधणारं बॅलन्सिंगचं वजन पडलं असेल तर गाडी पळवल्यावर हलते, हळू नेताना नाही. चल, बघू.”

ताई चालवायला, मामा शेजारी, मी मागे.

“मागे मस्त आहे मामा,” मी म्हणालो. “पाळण्यात झोपल्यासारखं वाटतंय.”

“तू गप्प बस. मला ऐकू दे.”

वळणावर पुढच्या डाव्या चाकातून आवाज आला. टक्. मग पुन्हा टक् टक्. मामाचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला.

“थांबव.”

“तो चौक ओलांडते आणि...”

“आत्ताच्या आत्ता थांबव!”

मामाला एवढं ओरडताना मी कधी पाहिलं नव्हतं. तो उतरला आणि त्याने डाव्या चाकावरची, नट झाकणारी टोपी उचकटली. पाचातला एक नट टोपीतून घरंगळत रस्त्यावर पडला. एक जागेवरच नव्हता. उरलेले तीन मामाने नुसत्या बोटांनी फिरवले. प्रत्येकावर खडूची रेघ होती, आणि एकही जुळत नव्हती.

मामा चाकाशी उकिडवा बसून रेघा निरखू लागला. ऐंशी किलोमीटर. या चाकावर ताई चाळीस किलोमीटर गेली आणि चाळीस परत आली होती.

“ही रेघ माझी नाही,” मामा हळूच म्हणाला. “मी चाकाच्या मध्यापासून कडेकडे ओढतो. ही आडवी आहे.”

ताईने वाकून चाकाकडे पाहिलं. “माझी आहे. लहानपणी मीच मारायचे ना? काल तुम्ही मागचं चाक आवळत होता, तेवढ्यात मी पुढच्या डाव्यावर मारून ठेवल्या. म्हटलं, तुमचं काम वाचेल.”

काल काय झालं ते मला तेव्हा डोळ्यांसमोर दिसलं. गिऱ्हाईक आलं म्हणून मामा मध्येच उठला होता. परत आल्यावर उजवं चाक आवळलं, डाव्यावर रेघा दिसल्या आणि त्याने टोपी बसवून टाकली.

“माझंच चुकलं बाबा.”

“तुझं कशाने? पाना माझ्या हातात होता. मी नट बघितलाच नाही, रेघ बघितली.”

गाडी तिथेच ठेवून मी दुकानातून जॅक, पाना आणि नट आणले. मामाने चाक काढून रिमची भोकं आणि बोल्ट तपासले, मग पाचही नट आवळले. बाकीच्या तीन चाकांचेही पुन्हा आवळले. खिशातला खडू काढला नाही.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात पोचल्यावर ताईचा फोन आला. मामाने तो स्पीकरवर टाकला.

“पोचले बाबा. काही हलत नाही.”

“संध्याकाळी घरी जायच्या आधी इकडे ये. थोडं चालवल्यावर पुन्हा आवळावे लागतात.”

“आणि रेघ?”

मामाने खिशातला खडू काढून फोनशेजारी ठेवला.

“तूच मार,” तो म्हणाला. “पण पाना आधी तुझ्या हातात देणार.”